सृष्टीची नवलाई : आभाळातला सफाई कामगार



हत्ती, वाघ, देवमासा यांच्या गोष्टी सर्वांनाच आवडतात. आज मात्र आम्ही अशा एका पक्ष्याची माहिती देणार आहोत, ज्याचे नावसुद्धा लोक शिवी म्हणून वापरतात. दुसऱ्याच्या संकटावर टपून बसणारा कोणी दिसला की आपण लगेच म्हणतो, 'काय गिधाड आहे मेला!' होय, आजची गोष्ट गिधाडाची आहे.

ही गोष्ट वाचण्यापूर्वी एक करा. घरातल्या मुलांना विचारा, 'गिधाड पाहिले आहेस का?' बहुतेक मुले म्हणतील, टीव्हीवर पाहिले. मग घरातल्या आजी-आजोबांना विचारा. ते सांगतील, गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की कुठून कुठून शेकडो गिधाडे उतरत. पिंपळाच्या, आंब्याच्या फांद्या त्यांच्या वजनाने वाकत. एका घरात दोन पिढ्या राहतात, पण एका पिढीने जे रोज पाहिले ते दुसरीला चित्रात पाहावे लागते. असे का झाले आणि त्याचा आपल्या घराशी काय संबंध, हेच आज पाहायचे आहे. पण आधी या पक्ष्याची नवलाई.

उंच किती आणि लांब किती?

२९ नोव्हेंबर १९७३ रोजी पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात, आबिदजान शहराच्या वर एका प्रवासी विमानाला एक पक्षी धडकला. विमान त्या वेळी ३७ हजार फुटांवर होते, म्हणजे सुमारे ११ हजार ३०० मीटर. एव्हरेस्ट शिखराची उंची ८ हजार ८४९ मीटर आहे. विमानाचे एक इंजिन बंद करावे लागले, पण विमान सुखरूप उतरले. पक्ष्याची पिसे तपासली तेव्हा तो रुपेल जातीचा गिधाड निघाला. इतक्या उंचीवर पक्षी असल्याची याहून मोठी नोंद नाही. तेथे हवा इतकी विरळ असते की माणूस नळकांड्यातल्या प्राणवायूशिवाय काही मिनिटांतच बेशुद्ध पडेल. गिधाडाच्या रक्तातील हिमोग्लोबिन मात्र विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेते.

दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची हजारो किलोमीटर लांबीची पर्वतरांग आहे. तेथे कॉन्डोर नावाचे थोराड गिधाड राहते. त्याचे वजन १५ किलोपर्यंत भरते. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा फूट होतात. आपल्या चाळीतली खोली साधारण तेवढीच रुंद असते! एवढे धूड उडते कसे? काही कॉन्डोर पक्ष्यांच्या अंगावर शास्त्रज्ञांनी लहानशी यंत्रे बसवून पाहिले. २०२० साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते वाचून आम्हीही थक्क झालो. हे पक्षी शंभर मिनिटे उडाले तर त्यातले जेमतेम एक मिनिट पंख हलवतात. त्यातला एक तर पाच तासांत १७२ किलोमीटर गेला आणि वाटेत त्याने एकदाही पंख मारला नाही. ऊन तापले की जमिनीवरची गरम हवा वर चढते. त्या हवेवर पंख पसरून बसायचे, वर जायचे, मग पुढे घसरत जायचे. पेट्रोल नाही, घाम नाही!

डोळे की नाक?

मेलेले जनावर गिधाडाला सापडते कसे? आपल्याकडची आणि आफ्रिकेतली गिधाडे डोळ्यांवर अवलंबून असतात. आकाशात ती एकमेकांपासून दूर दूर उडत असतात. प्रत्येकाची एक नजर जमिनीवर आणि एक नजर शेजाऱ्यावर. शेजारी खाली उतरू लागला की हा तिकडे वळतो, याला पाहून तिसरा वळतो. अशा रीतीने कित्येक मैलांवर बातमी पोहोचते. कोणाला निरोप धाडावा लागत नाही.

अमेरिका खंडात मात्र लाल डोक्याचे टर्की गिधाड नाकाने अन्न शोधते. १९३० च्या दशकात तेथील वायुवाहिन्यांवर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या लक्षात आले, की वाहिनी जेथे फुटलेली असते तेथेच नेमकी ही गिधाडे घिरट्या घालतात. कारण साधे होते. वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मिसळत, आणि तोच पदार्थ मांस कुजताना तयार होतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्येही तोच पदार्थ मिसळलेला असतो. गॅस गळाल्यावर जो कुजकट वास येतो, तो टर्की गिधाडाला जेवणाचे आमंत्रण वाटला असता!

सेरेंगेटीची पंगत

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात सेरेंगेटीचे अफाट गवताळ रान आहे. दरवर्षी तेथे लाखो वाइल्डबीस्ट, म्हणजे बैलासारखी दिसणारी हरणे, चाऱ्यापाण्यामागे फिरत असतात. वाटेत कित्येक मरतात. ही मढी नाहीशी करण्यात सिंह-तरसांपेक्षाही गिधाडांचा वाटा मोठा असतो, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

या पंगतीत प्रत्येक जातीचे काम ठरलेले असते. एका थोराड गिधाडाची चोच सुरीसारखी मजबूत असते. ते जाड कातडे फाडते. लांब मानेची गिधाडे आत मान घालून मऊ मांस खातात. लहान गिधाडे हाडांना चिकटलेले तुकडे टिपतात. आफ्रिकेच्या काही भागांत आणि आपल्या हिमालयात दाढीवाले गिधाड असते. त्याचे मुख्य अन्न म्हणजे हाडे. मोठे हाड ते उंच नेऊन खडकावर टाकते, फुटले की तुकडे गिळते. आणि आणखी एक गंमत : हा पक्षी लोहयुक्त लाल चिखलात मुद्दाम लोळून पांढरी पिसे तांबूस करून घेतो.

पांढरे गिधाड आपल्याकडेही दिसते. त्याला आफ्रिकेत शहामृगाचे अंडे सापडले, तर चोचीने ते फुटत नाही. मग ते चोचीत दगड धरून अंड्यावर आपटते, आणि कवच फुटेपर्यंत पुन्हा पुन्हा आपटते. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल यांनी १९६६ साली ही गोष्ट जगापुढे आणली. हत्यार फक्त माणूसच वापरतो, या आपल्या अहंकाराला एका पक्ष्यानेही धक्का दिला.

पोटात भट्टी

गिधाडाचे खरे नवल त्याच्या जठरात आहे. कुजलेल्या मांसात काळपुळीचे (ॲन्थ्रॅक्सचे) आणि इतर घातक रोगांचे जंतू असतात. ते मांस आपण खाल्ले तर जिवावर बेतेल. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके जहाल असते की बहुतेक जंतू त्यात मरून जातात. म्हणजे गिधाड नुसते मढे खात नाही, रोगही पचवते. डोक्यामानेवर पिसे नसतात याचेही कारण आहे. पिसे असती तर रक्तामांसाने चिकटून घाण झाली असती. उघड्या मानेमुळे शरीराची उष्णताही कमी-जास्त करता येते. आपण ज्याला कुरूप म्हणतो, ते त्याच्या कामाला योग्य असे शरीर आहे. पुष्कळ गिधाडे जमली तर गाय-बैलाचे मढे अर्ध्या-पाऊण तासात साफ होऊन नुसता सांगाडा उरतो. नगरपालिकेचे पथक येण्याआधीच काम संपलेले!

एक इंजेक्शन आणि आभाळ रिकामे

१९८० च्या सुमारास भारतात गिधाडे लाखोंनी, किंबहुना कोट्यवधींनी होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांच्या वर्गात सर्वांत जास्त संख्येने असावे, असे मानले जाई. १९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना घरट्यांवर, फांद्यांवर मेलेली गिधाडे दिसू लागली. जी जिवंत होती ती मान खाली टाकून बसत आणि काही दिवसांत मरत. हीच गोष्ट देशभर घडत होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातले एक उरले, असा याचा अर्थ. लांब चोचीच्या गिधाडांचीही अशीच वाताहत झाली.

पुष्कळ तर्क झाले. कोणी म्हणाले साथ आली, कोणी म्हणाले शेतीच्या औषधांनी घात केला. उत्तर सापडले पाकिस्तानातल्या पंजाबात. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मारेकरी डायक्लोफिनॅक आहे. हे नाव आपल्या घरात अनोळखी नाही. कंबर धरली, गुडघा सुजला की डॉक्टर जी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन देतात, त्यातलेच हे एक औषध. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि जनावरांनाही टोचले जाऊ लागले. लंगडणाऱ्या बैलाला आराम पडावा म्हणून शेतकरी ते देई. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण औषध घेतल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. रक्तात युरिक ॲसिड साचे, आतल्या अवयवांवर पांढरे खडे जमत आणि पक्षी मरे. काळपुळी पचवणारे पोट माणसाच्या एका औषधापुढे हरले.

शास्त्रज्ञांनी हिशेब केला. शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढे विषारी असले तरी एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे होते, कारण एका मढ्यावर पुष्कळ गिधाडे जेवतात. शिवाय ही गिधाडे सुमारे पाच वर्षांची झाल्यावर घरटे करतात आणि वर्षाला एकच अंडे घालतात. आई-बाप दोघे मिळून ते उबवतात. मरण भराभर आणि जन्म हळूहळू, असा हा व्यवहार होता.

एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे

भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. कोणतीही गोष्ट आपोआप होत नाही. तिला कारण असते आणि ती पुढच्या गोष्टीचे कारण होते. विहारात हे ऐकताना ते अवघड वाटते. गिधाडांच्या उदाहरणाने ते लहान मुलालाही समजेल.

गिधाडे गेली. मढी तशीच पडून राहू लागली. त्यावर भटकी कुत्री पोसली आणि वाढली. कुत्री वाढली तसे चावे वाढले, रेबीज वाढला. कुजलेली मढी नदीनाल्यांत, पाणवठ्यांत पडू लागली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज काढला, की १९९२ ते २००६ या काळात भारतात कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी जास्त वाढली आणि त्यामुळे रेबीजने सुमारे ४८ हजार माणसे जादा मेली. पुढे २०२४ साली इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यांची आकडेवारी तपासली. जेथे पूर्वी गिधाडे भरपूर होती, तेथे ती गेल्यावर मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले. २००० ते २००५ या काळातच सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पाच लाख! ही माणसे कोण असतील? ज्याच्या घराला पक्की भिंत आहे, दारी मोटार आहे, त्याला भटका कुत्रा क्वचितच गाठतो. पहाटे पाळीवर जाणारा, शेतात उघड्यावर निजणारा, नाल्याकाठच्या झोपडीत राहणारा, कचरा वेचणारा, शाळेत पायी जाणारे लेकरू, यांनाच आधी झळ बसते. म्हणून गिधाड ही केवळ पक्षिप्रेमींची चिंता आहे असे आम्ही मानत नाही.

मुंबईत मलबार हिलवर पारशी बांधवांचे दोखमे आहेत. तेथे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची रीत. गिधाडे नाहीशी झाल्यावर त्यांना सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. एका पक्ष्याने एका समाजाची शेकडो वर्षांची रीतच अडवली.

ज्याला भविष्य कळते तो विष खाईल का?

आफ्रिकेत गिधाडांचा शत्रू वेगळा आहे. हस्तिदंतासाठी हत्ती मारणारे चोर गिधाडांना भितात, कारण आकाशात घिरट्या दिसल्या की वनरक्षकांना ठिकाण कळते. म्हणून ते हत्तीच्या मढ्यात विष कालवतात. २०१९ साली बोट्स्वाना देशात अशा प्रकारे एकाच ठिकाणी ५३७ गिधाडे मेली.

दुसरा शत्रू म्हणजे अंधश्रद्धा. गिधाड दुरून मढे शोधते, म्हणजे त्याला पुढचे दिसते, असा काही लोकांचा समज आहे. दक्षिण आफ्रिकेत लॉटरीचा आकडा लागावा म्हणून गिधाडाचा मेंदू वाळवून ओढणारे लोक आहेत. गिनी-बिसाऊ या देशात २०१९-२० मध्ये दोन हजारांहून अधिक गिधाडे विषाने मारली गेली. कित्येकांची मुंडकी कापून नेली होती. आम्ही विचारतो, गिधाडाला भविष्य कळत असते तर त्याने ते विषारी मांस खाल्ले असते का? आपल्याकडे घुबडाचा, मांडुळाचा, कासवाचा बळीही याच अज्ञानापायी जातो. तेव्हा आफ्रिकेला हसण्यापूर्वी आपल्या गल्लीत पाहावे.

गृध्रकूट आणि महाड

आता जे सांगायचे आहे ते थोडे मन लावून वाचा.

बिहारमध्ये राजगीर, म्हणजे प्राचीन राजगृह येथे एक टेकडी आहे. तिचे नाव गृध्रकूट, पाली भाषेत गिज्झकूट. गिधाडांचा डोंगर. तिच्या शिखराचा आकार गिधाडासारखा म्हणून, किंवा तेथे गिधाडे राहत म्हणून हे नाव पडले, असे अट्ठकथांत सांगितले आहे. भगवान बुद्ध तेथे अनेकदा राहिले आणि त्यांनी कित्येक उपदेश तेथे केले. लोक ज्या पक्ष्याला अशुभ म्हणतात, त्याच्या नावाचा डोंगर जगभरच्या बौद्धांना पवित्र आहे. जपान, कोरिया, श्रीलंका येथून लोक तेथे जातात. बुद्धांनी जागेचा विटाळ मानला नाही.

आणि दुसरे ठिकाण महाड. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे सांगितले.

हे काम काय होते ते आमच्या आज्या सांगत. आकाशात गिधाडे फिरू लागली की कोणाचे तरी ढोर पडले हे वाड्याला कळे. मग एका बाजूने माणसे धावत आणि दुसऱ्या बाजूने गिधाडे-कुत्री. माणसाने पक्ष्याशी आणि कुत्र्याशी घासासाठी झगडावे, अशी अवस्था धर्माच्या नावाने आणली गेली होती. सांगताना आजी पदर डोळ्यांना लावीत नसे. ती मान ताठ करून सांगे, 'बाबांनी सांगितलं आन् आमी सोडलं.' उपाशी राहिली ती माणसे, पण त्यांनी सोडले.

आता कोणी शहाणा म्हणेल, गिधाडाच्या कामाचे एवढे गुण गाता, मग तेच काम करणाऱ्या माणसांनी ते का सोडावे? त्याला उत्तर असे. काम उपयोगी आहे म्हणून ते एखाद्याच्या जन्माला बांधावे, असे होत नाही. गिधाडाला निसर्गाने जहाल आम्लाचे जठर दिले, माणसाला दिलेले नाही. गिधाडाला कोणी जबरदस्तीने मढ्यावर पाठवत नाही. काम झाल्यावर मोर आणि पोपट त्याला आपल्या झाडावरून हाकलत नाहीत, तळ्याचे पाणी बाटले म्हणत नाहीत. माणसाच्या समाजाने मात्र एकाकडून गाव साफ करून घेतले आणि त्यालाच घाण ठरवले. कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्यांची जन्मावर रचलेली उतरंड वेगळी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये फोड करून सांगितले आहे. सेरेंगेटीच्या पंगतीत वाटणी आहे. उतरंड रचली ती माणसाने.

२०१६ साली गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना जाहीरपणे मारहाण झाली. त्यानंतर तेथील अनेक गावांतील दलितांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले. मढी पडून राहिली तेव्हा सर्वांना कळले की हे काम किती मोठे होते. गिधाडे गेल्यावर जे कळले तेच. सफाई करणारा आहे तोवर त्याची किंमत नसते.

आमच्या वाचकांत नगरपालिकेत झाडू मारणारे, कचऱ्याच्या गाडीवर जाणारे, गटारात उतरवले जाणारे बांधव-भगिनी आहेत. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. तरी गटारात गुदमरून माणसे मरतात. ज्याच्या पोटात आम्लाची भट्टी नाही त्याला हातमोजे, बूट, मुखपट्टी, यंत्र, पुरेसा पगार आणि वैद्यकीय तपासणी मिळालीच पाहिजे. हा उपकाराचा भाग नाही, हक्काचा आहे. आणि त्याच्या मुलाने कोणते काम करायचे ते त्याच्या मुलाने शिकून ठरवायचे आहे.

आशेला जागा आहे

माणसाने बिघडवले ते माणूस थोडेफार दुरुस्तही करतो. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ साली बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली ३ मिलिलिटरहून मोठ्या बाटल्या बंद झाल्या. गिधाडांना घातक अशी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही आणखी दोन औषधे जनावरांसाठी २०२३ साली बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावराचे दुखणेही कमी करते आणि गिधाडालाही मारत नाही.

नेपाळात पिठौली नावाच्या गावाने २००६ पासून 'गिधाडांचे उपाहारगृह' चालवले. म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या गाई सांभाळायच्या, त्या नैसर्गिक मरणाने गेल्या की औषधमुक्त मढे गिधाडांना द्यायचे. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तेथे वाढलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली गेली. आणि महाडच्याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यात, गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांची घरटी राखली जात आहेत. अमेरिकेत तर कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर १९८७ साली अवघे २७ उरले होते, सगळे पिंजऱ्यात. आज ते पाचशेहून अधिक आहेत आणि पुष्कळसे मोकळ्या आकाशात उडतात.

आपण काय करावे?

गावी भाऊबंदांकडे गुरे असतील तर त्यांना सांगा, जनावराला माणसाचे इंजेक्शन टोचू नका. पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅम मागा.

कुत्रा चावला तर हळद, तिखट, चुना लावू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर इलाज नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र जीव वाचतो.

आणि तिसरे, मुलांसमोर 'गिधाड' हा शब्द शिवी म्हणून वापरू नका. नागपूरला १९५६ साली घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याची प्रतिज्ञा आहे. तिची सुरुवात जिभेपासून करायला काहीच हरकत नाही.

बालमित्रांनो, सांगा पाहू!

१. कोणते गिधाड दगड हाताळून अंडे फोडते?
२. गृध्रकूट कोणत्या शहराजवळ आहे?
३. गॅस सिलिंडरचा वास कोणत्या पदार्थाचा असतो?

उत्तरे वरच्या मजकुरातच आहेत. शोधा, वहीत लिहा आणि येत्या रविवारी विहारात इतर मुलांना विचारा. ज्याला तिन्ही येतील त्याच्याकडून ही सगळी गोष्ट त्याच्या शब्दांत ऐका. शेजारी आजी-आजोबांना बसवा. त्यांनी पाहिलेली गिधाडे ते सांगतील, आणि कदाचित १९२७ नंतर आपल्या घरात काय बदलले तेही सांगतील. ते मात्र नीट लिहून ठेवा.

जय भीम!